काखेत कळसा आणि ब्लूटूथला वळसा

नवीन वायरलेस व्हॅक्यूम गेज पहिल्यांदा कामावर नेला तर पहिला पाऊण तास त्याने मला नुसतं बसवून ठेवलं. एसीचं युनिट बसवून झालेलं, नायट्रोजन मारून प्रेशर टेस्ट झालेली, पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणारा पंप जोडलेला, आता गेज फोनमध्ये दिसला की पंप चालू करायचा एवढंच बाकी होतं. आणि तो काही दिसेना. गेजवरचा दिवा लुकलुकतोय, फोनचं ब्लूटूथ चालू आहे, ॲपमध्ये चकरी फिरतेय, फिरतेय, आणि शेवटी तेच, डिव्हाइस सापडलं नाही.

मी काय केलं असेल? जे आपण सगळेच करतो तेच, फोनच्या सेटिंगमध्ये गेलो, ब्लूटूथ उघडलं, तिथे गेजचं नाव दिसलं, टॅप केलं, पेअर झालं, आणि मनातल्या मनात म्हटलं चला झालं. मग ॲप उघडलं तर ॲप म्हणतं गेज नाही. फोन म्हणतो आहे, ॲप म्हणतं नाही, मध्ये मी.

तर पहिली गोष्ट हीच, की हे गेज हेडफोनसारखे जोडायचे नसतात. यात ब्लूटूथचा जो कमी बॅटरी खाणारा प्रकार आहे ना, २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० बरोबर आलेला, तो असतो, गेज सारखा हवेत ओरडत असतो की मी इथे आहे मी इथे आहे आणि ते ओरडणं ॲपने स्वतः ऐकून स्वतः कनेक्शन करायचं असतं. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण मध्येच पेअर करून टाकलं की बऱ्याचदा गेज फोनकडे अडकून पडतो आणि ॲपच्या हाती लागत नाही. तिथे जायचंच नाही. गेलात असाल तर त्या नावावर जाऊन डिव्हाइस विसरा असं जे असतं ते दाबायचं, ब्लूटूथ एकदा बंद करून चालू करायचं, आणि मग फक्त ॲपमधून शोधायचं.

मी ते केलं. तरी नाही.

मग आठवलं की ॲप पहिल्यांदा उघडलं तेव्हा लोकेशनची परमिशन मागत होतं आणि मी नाही म्हणालो होतो, कारण म्हटलं व्हॅक्यूम बघायला माझा पत्ता कशाला पाहिजे याला. रास्त शंका आहे, पण अँड्रॉइडमध्ये मजा अशी आहे की ६ पासून ११ पर्यंतच्या व्हर्जनला लोकेशनची परमिशन दिल्याशिवाय ॲपला आजूबाजूचे ब्लूटूथ डिव्हाइस शोधताच येत नाहीत, कारण आसपास कुठले डिव्हाइस आहेत यावरून माणूस कुठे आहे ते कळू शकतं. आणि नुसती परमिशन देऊन भागत नाही, फोनचं लोकेशन चालूही असावं लागतं, हे बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवणाऱ्या माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवा. २०२१ मध्ये अँड्रॉइड १२ आलं तेव्हा हे वेगळं केलं, आता जवळचे डिव्हाइस अशी स्वतंत्र परमिशन असते, तरी काही ॲप सवयीने लोकेशनही मागतातच. आयफोनवाल्यांना साधं सांगायचं तर २०१९ पासूनच्या सिस्टीममध्ये प्रत्येक ॲपला ब्लूटूथची परवानगी वेगळी द्यावी लागते, तिथे एकदा नको दाबलं की ॲप परत विचारत बसत नाही, सेटिंगमध्ये जाऊन शोधावं लागतं.

सगळ्या परमिशन दिल्या. तरी नाही!

आता मी गेजची बॅटरी काढून परत घातली, फोन रीस्टार्ट केला, ॲप काढून परत टाकलं, म्हणजे ज्याला आपण झाडफूक म्हणतो ते सगळं केलं. आणि हे सगळं चालू असताना माझा हेल्पर शेजारी उभा राहून शांतपणे म्हणतो, "दादा, माझ्याकडे तर दिसतोय की."

म्हटलं, काय दिसतोय?

याने आदल्या दिवशी बॉक्स उघडला तेव्हा हौसेने स्वतःच्या फोनवर तेच ॲप टाकलं होतं, गेज जोडून बघितला होता, आणि आता फोन खिशात, ॲप मागे चालू, गेज चालू केला की तो आपोआप आधीच्या ओळखीच्या फोनला म्हणजे याच्या खिशाला जाऊन चिकटत होता. असे बहुतेक गेज एका वेळी एकाच फोनशी बोलतात आणि एकदा का जोडले गेले की बाकीच्यांसाठी ओरडणं बंद करतात, म्हणून माझ्या फोनला तो दिसणारच नव्हता, मी काहीही केलं तरी. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. त्याने ॲप बंद केलं, दोन सेकंदात माझ्याकडे गेज आला. मी त्याला काही बोललो नाही. खरं म्हणजे बोललो, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेज दिसला तरी आकड्याच्या जागी नुसत्या रेघा. परत पोटात गोळा. पण ते बरोबर असतं, मायक्रॉन म्हणजे व्हॅक्यूमचं बारीक माप, आकडा जितका कमी तितकं व्हॅक्यूम खोल, आणि बरेच मायक्रॉन गेज साधारण २०–२५ हजार मायक्रॉनच्या वर आकडाच दाखवत नाहीत, आणि बाहेरच्या हवेचं प्रेशर असतं ७,६०,००० मायक्रॉन, त्यामुळे पंप चालू करून थोडा वेळ होईपर्यंत रेघा किंवा रेंजबाहेर असलंच काहीतरी दिसणार. कनेक्शन झालंय की नाही ते बॅटरीचं चिन्ह दिसतंय का त्यावरून बघा, रेघांवरून नाही.

एवढ्या उठाठेवीची गरज काय, काटा आहे की मॅनिफोल्डवर, म्हणजे होज जोडायच्या त्या काट्याच्या मीटरवर, असं मला अजून बरेच जण म्हणतात आणि मीही कित्येक वर्षं काट्यावरच काम केलं, काटा उणे तीस इंचाला टेकला की अर्धा तास अजून चालू ठेवायचा आणि गॅस सोडायचा. पण हिशेब करून बघा. काट्यावरचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन. आपल्याला गाठायचंय ५०० किंवा त्याच्या खाली. म्हणजे एका इंचाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी, ते काट्याच्या जाडीत कुठल्या कुठे लपून जातं, काटा तीसला टेकलेला दिसत असताना आत ५०० असू शकतं आणि १० हजारही असू शकतं आणि डोळ्याला दोन्ही सारखंच. आणि फरक काय पडतो म्हणाल तर पाण्याचा पडतो. २५ डिग्रीला पाणी उकळायला सुमारे २३,८०० मायक्रॉनपर्यंत खाली यावं लागतं, शून्य डिग्रीला सुमारे ४,६००, म्हणजे दहा हजारावर थांबलात तर लाईनचा जो भाग गारठलेला आहे तिथलं पाणी तिथेच बसून राहणार. आर-४१०ए आणि आर-३२ या गॅसच्या कंप्रेसरमध्ये जे पीओई ऑइल असतं ते ओल धरून ठेवतं, आणि ओल आणि हे ऑइल गरमीत एकत्र आले की ॲसिड होतं. ॲसिड आतल्या मोटरच्या वाइंडिंगचं काय करतं ते कंप्रेसर कापून बघितलेल्या माणसाला सांगायला नको.

असो. गेज जोडला गेला, पंप चालू केला, आणि दहाएक मिनिटांत ॲपवर आकडा आला ४०.

चाळीस! मी खूष. आजपर्यंत इतकं खोल व्हॅक्यूम मी कधी बघितलंच नव्हतं (बघणार कसा, गेजच नव्हता). आता खरं म्हणजे तिथेच शंका यायला हवी होती, कारण चांगला पंपसुद्धा एकटा, तोंडाला गेज लावून चालवला तर जेमतेम तेवढ्यात किंवा त्याच्या खाली जातो, त्याला लाईन, कॉइल, कंप्रेसरचं ऑइल सगळं जोडून इतक्या लवकर चाळीस म्हणजे चमत्कारच. पण माणसाला चांगला आकडा दिसला की तो प्रश्न विचारत नाही. फोटो काढायला फोन जवळ आणला तेव्हा आकड्याच्या बाजूला बारीक अक्षरात दिसलं, पीए.

पास्कल. ॲप पास्कलमध्ये दाखवत होतं. एक हजार मायक्रॉन म्हणजे १३३ पास्कल, म्हणजे माझे ४० पास्कल झाले ३०० मायक्रॉन. आता ३०० वाईट नाही, पण ४० नाही. आणि हेच मोठ्या आकड्याला झालं असतं तर, म्हणजे आत १,००० मायक्रॉन असताना मी १३३ वाचून वॉल्व्ह बंद केला असता तर? मिलिबारमध्ये तर आणखी गोंधळ, ५०० मायक्रॉनला तिथे ०.६७ दिसतं, ते बघून एखाद्याला वाटेल आपण चंद्रावरच पोचलो. पहिल्यांदा ॲप टाकलं की सेटिंगमध्ये जाऊन युनिट मायक्रॉन करून घ्या, आणि ॲप काढून परत टाकलं असेल तर परत बघा, कारण ते जुनी सेटिंग विसरतं, माझ्या झाडफुकीत नेमकं तेच झालं असणार.

बरं, ३०० तर ३००. पण ते तीनशे नेमके कुठले होते?

गेज मी लावला होता पंपाच्या तोंडाशी, कारण तिथे जागा होती आणि फोनला जवळ. हेल्परनेच विचारलं, दादा हा पंपाचा आकडा की पाइपचा. पोरगं दिसतं तितकं साधं नाही. हे डक्टेबल युनिट होतं, लिक्विडचा बारीक आणि सक्शनचा जाड अशा दोन्ही पाइपांना सर्व्हिस पोर्ट, पंप सक्शनला. मी वॉल्व्ह बंद करून गेज काढला, लिक्विडच्या पोर्टला नेऊन लावला, परत पंप सोडला, बराच वेळ थांबलो, आकडा खाली आला आला आणि अडकला. १,७०० वर.

म्हणजे बघा, तीच सिस्टीम, तीच दुपार, आधी ४०, मग ३००, मग १,७००. गेजने एकदाही खोटं सांगितलं नव्हतं.

पंपाच्या तोंडाशी गेज लावला तर तो पंप किती चांगला आहे ते सांगतो, आणि पंप चांगलाच होता. पण पंप आणि पाइप यांच्यामध्ये माझा मॅनिफोल्ड होता, पाव इंची होज म्हणजे नळी होती आणि पोर्टमध्ये पिन तशीच होती, ती बारीकशी पिन, जिच्या बाजूच्या फटीतून सगळी हवा आणि वाफ यायची होती. व्हॅक्यूम जितकं खोल जातं तितकं पंपाकडे ओढायला काही उरत नाही, वाफ स्वतःच्या मर्जीने भटकत भटकत पंपाकडे यायची असते, आणि तिच्या वाटेत आपण बारीक होज, वळणं आणि पिन ठेवतो. होजचा व्यास दीडपट केला, म्हणजे पाव इंचाची तीन अष्टमांश केली, तर वाट दीडपट नाही, तिप्पट ते पाचपट मोकळी होते. म्हणून मॅनिफोल्ड बाजूला ठेवा, जाड आणि आखूड होज घ्या, कोअर रिमूव्हल टूलने पिन काढून घ्या, आणि गेज पंपापासून जितका लांब लावता येईल तितका लांब. त्या दिवशी माझ्याकडे टूल एकच होतं, ते पंपाच्या बाजूला वापरलं, मॅनिफोल्ड काढला, आणि जो आकडा १,७०० वरून हलत नव्हता तो बघता बघता हजाराच्या खाली आणि मग पाचशेच्या खाली आला. बघता बघता म्हणजे अगदी डोळ्यासमोर, ॲपमधला ग्राफ जो आडवा पडला होता तो जिन्यासारखा खाली उतरायला लागला.

साध्या स्प्लिटला सर्व्हिस पोर्ट एकच असतो, तिथे लांब कुठे लावणार, तर कोअर टूलच्या बाजूच्या तोंडाला लावायचा. पण टूल नीट बघून घ्या, वॉल्व्ह बंद केल्यावर गेज सिस्टीमच्या बाजूला राहिला पाहिजे, पंपाच्या बाजूला नाही, नाहीतर वॉल्व्ह बंद करून तुम्ही होजची टेस्ट करत बसाल.

आता टेस्टचा विषय निघालाच आहे तर, माझ्या मते वायरलेस गेजचे पैसे जर कुठे वसूल होत असतील तर इथे. आकडा तर डिस्प्लेवाला साधा डिजिटल गेजही दाखवतो. पण वॉल्व्ह बंद करून पंप सिस्टीमपासून तोडल्यावर पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत आकडा कसा चढतो, त्याचा आकार काय, हे कागदावर दर मिनिटाला लिहून कोण काढतं, कोणीही नाही, मी तरी नाही. ॲप ते आपोआप काढतं.

पंप तोडला की आकडा थोडा चढणारच, घाबरायचं नाही. आधी जो ग्राफ दिसत होता तो पंप ओढत असतानाचा होता, आता सगळीकडचं प्रेशर सारखं होतंय. ३०० चे ४०० होऊन तिथे आडवा झाला की झालं काम. चढला, चढला, आणि दीड-दोन हजारावर जाऊन हळूहळू आडवा पडला तर आत ओल आहे, किंवा जुनं युनिट असेल तर ऑइलमध्ये विरघळलेला गॅस सुटतोय, परत पंप लावा, मध्ये कोरडा नायट्रोजन मारून परत ओढा. आणि थांबायचं नावच घेत नाही, पट्टीने ओढल्यासारखी सरळ रेघ वरवर जातेय, तर लीकेज, तिथे पंप रात्रभर चालवून काही उपयोग नाही.

मागच्याच एका कामावर मला अशी सरळ रेघ दिसली. ६ मिनिटांत ३५० वरून २,००० च्या वर. मी कामाला लागलो, चार फ्लेअर म्हणजे पाइपाचे जोड परत बघितले, टॉर्क रेंच लावून आवळले, एक फ्लेअर तर कापून नवीन केला, आणि रेघ तशीच. नायट्रोजनचं प्रेशर मात्र तासभर जागचं हललं नव्हतं, हेच मला समजत नव्हतं, प्रेशर धरतंय आणि व्हॅक्यूम धरत नाही, असं कसं. कारण साधं निघालं, प्रेशर टेस्टला गेज लावलाच नव्हता. लीक माझ्याच जोडणीत होता. गेज ज्या छोट्या कपलरवर बसतो त्याच्या आतला रबरी वायसर एका बाजूला चिरला होता, नखाच्या टोकाएवढी चीर, अंगठ्याने दाबून वाकवला तेव्हा दिसली, एरवी अख्खा. नवीन वायसर, त्याला नायलॉग या सीलंटचा एक थेंब, आणि रेघ आडवी. तेव्हापासून माझी सवय अशी की कामाला लागायच्या आधी गेज, होज, टूल सगळं जोडून, सिस्टीमचं तोंड बंद ठेवून, आधी आपल्याच सामानाचं व्हॅक्यूम मारून बघायचं. १०० च्या खाली जाऊन तिथे जवळपास थांबलं तर सामान ठीक. नाही थांबलं तर दुसऱ्याच्या फ्लेअरला शिव्या देण्यात अर्थ नाही.

आता परत ब्लूटूथकडे, कारण एकदा जोडला म्हणजे तो जोडलेला राहील असं काही नाही.

मला हौस होती की गेज वर गच्चीवर लावायचा आणि आपण खाली सावलीत इनडोअरची फिटिंग करत फोनवर ग्राफ बघायचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या. खोक्यावर जी रेंज छापलेली असते ती मोकळ्या मैदानातली असते, मध्ये काँक्रीटचा स्लॅब आला, आउटडोअरचा पत्रा आला, की ती कुठल्या कुठे जाते. पत्र्याचं तर विचारूच नका, गेज युनिटच्या मागे भिंतीच्या बाजूला लोंबत असेल आणि तुम्ही पुढे उभे असाल तर दहा पावलांवरही कनेक्शन तुटतं, आणि मागच्या खिशात फोन ठेवून गेजकडे तोंड करून बसलात तर आपलं स्वतःचं शरीरसुद्धा आड येतं, कारण माणसात पाणी जास्त आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात जिरतात. लांब पल्ल्याचे म्हणून वेगळे गेज मिळतात, ते खरंच लांब चालतात, पण ते सुद्धा पत्र्याच्या पेटीत कोंडू नका.

काही गेजमध्ये कनेक्शन तुटलं तरी आत मेमरी चालू राहते, काहींमध्ये नाही, ग्राफ फक्त फोनमध्ये बनतो. माझा दुसऱ्या प्रकारातला. आणि माझा फोन असा की स्क्रीन बंद झाली की काही मिनिटांत मागचं ॲप मारून टाकतो, बॅटरी वाचवायला. चाळीस मिनिटं पंप चालवला, रिपोर्ट काढायला गेलो तर ग्राफमध्ये पहिली सात मिनिटं, मग भलीमोठी मोकळी जागा, मग शेवटची दोन. साइट इंजिनियरला तो कागद दाखवला तर तो म्हणाला मधला अर्धा तास पंप बंद होता का. काय सांगणार. त्या ॲपपुरतं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करून टाका, एकदाच करायचं काम आहे, आणि टेस्टच्या वेळी शक्यतो स्क्रीन चालू ठेवा. फोन चार्ज करून न्या हे सांगायला पाहिजे का, पाहिजे, मी विसरलोय.

गेजच्या बॅटरीचंही एक आहे. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो आणि साधा अल्कलाइन १.५ चा, त्यामुळे चार्ज केलेले सेल घातले तरी काही गेज पहिल्या मिनिटापासून बॅटरी कमी म्हणून रडतात. तुमच्या गेजच्या पुस्तिकेत काय चालतं ते बघा.

कुठलं ॲप घ्यावं असं विचारणारे बरेच भेटतात. टेस्टोचं टेस्टो स्मार्ट आहे, फील्डपीसचं जॉब लिंक आहे, गेज ज्या कंपनीचा त्याच कंपनीचं ॲप आधी टाका, फर्मवेअर अपडेट वगैरे त्यातूनच होतं. मेजरक्विक नावाचं एक आहे ते वेगवेगळ्या कंपन्यांचे गेज आणि प्रोब एकत्र घेतं, ज्यांच्याकडे सरमिसळ सामान आहे त्यांना ते सोयीचं, पण तिथेही आपलं मॉडेल यादीत आहे का ते गेज घ्यायच्या आधी बघा, घेतल्यावर नाही. आणि दोन ॲप एकाच फोनवर एकाच वेळी उघडी ठेवू नका, दोघं गेजसाठी भांडतात आणि परत वर सांगितलेली खिशातली गोष्ट होते, फक्त या वेळी खिसा आपलाच.

राहता राहिला सेन्सर. आत एक बारीकसा गरम केलेला भाग असतो, आजूबाजूला हवा जास्त असेल तर तो लवकर थंड होतो, हवा कमी झाली की थंड व्हायला वेळ लागतो, त्यावरून गेज आकडा काढतो. म्हणून त्याच्यावर ऑइलचा थर बसला की आकडा बिघडतो, आणि ऑइल तिथे जातं आपल्याच हाताने, वॉल्व्ह बंद न करता पंप बंद केला की पंपातलं ऑइल व्हॅक्यूमच्या ओढीने उलटं वर चढू शकतं. आधी टूलवरचा वॉल्व्ह बंद, मग पंप बंद. हा क्रम हाताला लागला पाहिजे. तरी गेला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब आत सोडा, हळू हलवा, उलटं करून ओता, दोन-तीनदा करा आणि पूर्ण वाळू द्या, मगच पंप लावा. आत कापसाची काडी घालून पुसू नका, मी एकाच्या गेजची ती अवस्था बघितलीय, तार तुटून लोंबत होती. गेज पोर्टवर उभा लावला, तोंड खाली, तर मुळात ऑइल आत कमी जातं.

आणि गॅस सोडायच्या आधी गेज बाजूला, त्याचा वॉल्व्ह बंद. सर्व्हिस वॉल्व्ह ॲलन कीने उघडला की क्षणात व्हॅक्यूमचं भरपूर प्रेशर होतं, काही गेज ते सोसतात, पण सोसतो म्हणून रोज मारायचं असं थोडंच आहे.

हेल्परच्या फोनमधलं ते ॲप मी काढायला लावलं नाही. उलट आता गेज त्याच्याच फोनला जोडलेला असतो, मी पंपापाशी, तो गेजपाशी, आणि मधूनमधून आवाज येतो, "दादा, सातशे वीस. दादा, सहाशे नव्वद. दादा, युनिट मायक्रॉनच आहे, बघितलंय मी."